मुलींनी सर्जरी का घेऊ नये?

(उमापूर, ता. गेवराई, जि. बीड येथील महिला मेळाव्यात एका सर्जन मैत्रिणीने केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून.)



मघाशी एक ताई म्हणाल्या, "सर्जन म्हटलं की बाप्याच डोळ्यापुढं येतो." खरं आहे. शिकत होते तेव्हा मलाही यायचा.

एमबीबीएसचं साडेचार वर्षांचं शिक्षण संपलं की वर्षभर इंटर्नशिप असते. आजच्या नियमांत त्यातले सहा आठवडे सर्जरीला आहेत. कागदावर मुलामुलींना सारखेच. पण त्या सहा आठवड्यांत कुणाच्या हाती काय पडतं, यावर पुढची वाट ठरते.

माझंच सांगते. आमच्या युनिटमध्ये गळू फोडायला, टाके घालायला मुलांना हाक मारायचे. आम्ही मुली केसपेपर लिहायचो, रक्ताचे नमुने पोचवायचो. कपडे बदलायच्या खोलीवर 'डॉक्टर' अशी पाटी, आत सगळे पुरुष. आम्ही सिस्टरांच्या खोलीत जायचो. सर म्हणायचे, "तुम्ही गायनॅक घ्या, संसार सांभाळून होतं." जणू बाळंतपणं रात्रीची होतच नाहीत! आणि हे ते रागानं नव्हे, मायेनं सांगायचे. म्हणून तर ते मनात जास्त रुजायचं.

एका रात्री दुसऱ्या युनिटच्या सरांनी सुई माझ्या हातात दिली. म्हणाले, "घाल टाका." चुकला. तो काढून पुन्हा घालायला लावला. तिसरा नीट बसला. सर्जरी घ्यायची, हे माझं त्या रात्री ठरलं. माझ्याहून हुशार कितीतरी मुलींच्या वाट्याला अशी रात्र आलीच नाही. लोक म्हणतात, त्यांनी मर्जीनं दुसरे विषय घेतले. जे करून पाहूच दिलं नाही ते नको म्हणणं, ही मर्जी कशी?

आनंदीबाई जोशींनी १८८३ साली सेरामपूरच्या भाषणात सांगितलं होतं, की हिंदू स्त्रियांना स्त्री डॉक्टर हवी आहे. १८८६ साली त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या. पुढं बाई डॉक्टरनं बाळंतपण करावं, एवढं समाजानं मान्य केलं. पण बाईला काय फक्त गर्भाशय असतं? स्तनातली गाठ, मूळव्याध, हर्निया ही दुखणी तिलाही असतात. पुरुषाला कसं दाखवायचं म्हणून ती अंगावर काढते, आणि गाठ वाढत राहते.

आता पिशवीचं. ते मी तुम्हाला काय सांगणार? २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढं आपल्या जिल्ह्यातली पाहणी आली. ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. बाई सर्जन आली की हे आपोआप थांबेल, असं मी म्हणत नाही. बाईच्या हातातला चाकूही चाकूच. पण शिकाऊ डॉक्टरच्या वहीत केलेली ऑपरेशनं मोजतात. औषधानं टळलेलं ऑपरेशन कोण मोजतं? कधी कापायचं नाही, हेही टेबलाशीच शिकवायला हवं.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. कुणाला किती टाके, किती ऑपरेशनं करायला मिळाली, याची नोंद मुलामुलींची वेगवेगळी ठेवा आणि ती उघड करा. ऑपरेशन थिएटरजवळ बाई डॉक्टरांना खोली आणि संडास द्या. नियमानं पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवर काम करावं लागतं. त्यांना तोडणीहून परतलेल्या बायकांचं दुखणं नीट ऐकायला लावा.

आणि तुमच्याकडं एकच मागणं. पोर म्हणाली, "डॉक्टर व्हायचंय," तर कोणती डॉक्टर, ते आधीच ठरवून टाकू नका. ऊस तोडताना कोयता बाईला झेपतो. मग चाकू का नाही झेपणार?