पडद्यावरचा आकडा कोणाचा? : जुन्या प्रीअँप्लिफायरचे डिस्टॉर्शन घरी मोजताना



वसंतातल्या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ व्हॉल्व्ह, कपॅसिटर आणि सोल्डरिंगच्या वासाला मिळावी, हे आयोजकांचे औदार्य. समोर बसलेल्यांपैकी काहींच्या घरी वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर अजून जपून ठेवलेला असेल. काहींनी मुंबईच्या चोरबाजारातून किंवा अमेरिकेतून परतलेल्या मामांकडून एखादा साठच्या दशकातला प्रीअँप्लिफायर मिळवला असेल. त्याचे डिस्टॉर्शन किती, हे पूर्वी प्रयोगशाळेतच कळायचे. आज लॅपटॉप, एक बरा यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि आरईडब्ल्यूसारखे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते. जोडणी झाली की दोन मिनिटांत पडद्यावर ०.१२ टक्के असे काहीतरी उमटते. माझी शंका त्याच्या पुढची आहे. हा आकडा प्रीअँपचा, इंटरफेसचा, वायरचा, की भिंतीतल्या विजेचा?

आधी डिस्टॉर्शन म्हणजे काय ते पाहू. ही सभा गाणे ऐकणाऱ्यांची आहे, तेव्हा स्वरांतूनच सांगतो. प्रीअँपला एकच शुद्ध स्वर दिला, समजा १००० हर्ट्झचा, तर बाहेरही तेवढाच यायला हवा. प्रत्यक्षात त्याच्याबरोबर २०००, ३०००, ४००० असे पाहुणे येतात, त्यांना हार्मोनिक म्हणतात. १००० ला षड्ज माना. दुसरा हार्मोनिक म्हणजे तार षड्ज, तिसरा त्याच्या वरचा पंचम, पाचवा त्याहून वरच्या सप्तकातला गंधार, म्हणजे तंबोऱ्यात कान लावून ऐकू येतो तोच. सातवा मात्र कोमल निषादाच्या जवळ जाऊनही त्याच्या खालीच राहतो, कुठेच बसत नाही. या पाहुण्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे आणि मूळ स्वराशी त्याचे प्रमाण टक्क्यांत मांडायचे, की झाले टीएचडी. एक टक्का म्हणजे मूळ स्वराच्या ४० डेसिबल खाली, ०.१ टक्का म्हणजे ६० खाली.

हा ०.१ आकडा एके काळी मोठ्या मानाचा होता. इंग्लंडमध्ये हॅरॉल्ड लीक यांनी १९४५ साली आपल्या अँप्लिफायरचे नावच ‘पॉइंट वन’ ठेवले आणि पुढे त्यांच्या प्रीअँपवरही ते नाव आले. तिथवर पोहोचता आले ते निगेटिव्ह फीडबॅकमुळे, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा करून इनपुटला परत दिल्यामुळे. हॅरॉल्ड ब्लॅक या अमेरिकन अभियंत्याला ही कल्पना २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना, हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत सुचली आणि त्यांनी ती हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच मांडली. पेटंट मिळायला १९३७ उजाडले. पण डिस्टॉर्शन मोजायचे तर मोजणारा स्वर आधी स्वच्छ हवा. विल्यम ह्यूलेट यांनी ऑसिलेटरमध्ये साधा विजेचा छोटा दिवा बसवून तो प्रश्न सोडवला. स्वराची पातळी वाढली की दिव्याची तार तापते, तिचा रोध वाढतो आणि पातळी आपोआप जागेवर येते. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनी उभी राहिली ती या यंत्रावर. डिस्नेने ‘फँटेसिया’साठी असे आठ ऑसिलेटर घेतले होते.

आपल्याकडे ऑसिलेटर आणि मीटर दोन्ही इंटरफेसच्या एकाच डबीत आहेत, तेव्हा पहिली मोजणी तिचीच. तिचा आउटपुट तिच्याच इनपुटला जोडा, प्रीअँप मध्ये नको. जे दिसेल तो तागडीचा पासंग. फरक इतकाच, की पासंग वजनातून वजा करता येतो आणि इथे वजाबाकी चालत नाही. इंटरफेसचा दुसरा हार्मोनिक आणि प्रीअँपचा दुसरा हार्मोनिक एकाच दिशेने चालले तर बेरीज होते, उलट दिशेने चालले तर एकमेकांना खातात. म्हणजे मोजलेला आकडा खऱ्याहून कमीही येऊ शकतो, आणि माणूस खूश होऊन झोपी जातो. म्हणून इंटरफेस प्रीअँपपेक्षा निदान दहा पटींनी, म्हणजे वीस डेसिबलने स्वच्छ असावा. तेवढा नसेल तर आकडा वहीत लिहू नये, असे माझे मत आहे.

आता एका खऱ्या यंत्राकडे येतो. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या डायनाको कंपनीने ‘पास’ नावाचे प्रीअँप विकले, त्यातले ‘पास ३’ सर्वांत गाजले. ते किटच्या रूपातही मिळे आणि हजारो लोकांनी ते घरच्या टेबलावर जोडले. आत १२एएक्स७ जातीचे चार व्हॉल्व्ह आणि एक रेक्टिफायर व्हॉल्व्ह. त्याच काळातल्या मरँट्झ ७ मध्ये शेवटी जड भार सहज पेलणारी कॅथोड फॉलोअर ही पायरी आहे, पासमध्ये ती नाही. आउटपुट थेट व्हॉल्व्हच्या प्लेटवरून येतो. तेव्हाच्या व्हॉल्व्ह पॉवर अँपच्या इनपुटचा रोध लाखांत असायचा, त्यामुळे त्यात काही वावगे नव्हते. आपल्या इंटरफेसचा लाइन इनपुट मात्र बहुधा दहा हजार ते काही दहा हजार ओहमचा असतो. प्रीअँप त्यावर जोडला की बिचाऱ्या व्हॉल्व्हला भार पेलेनासा होतो, डिस्टॉर्शन चढते आणि खर्ज उतरतो. मग आपण म्हणतो, जुनी यंत्रे अशीच असायची! खरे तर आपण एका कारकुनाला पोती उचलायला लावून त्याच्या हस्ताक्षराला नावे ठेवतो आहोत.

यावर साधा उपाय म्हणजे आउटपुटच्या ओळीत एक लाख ओहमचा रोध आणि त्यानंतर जमिनीकडे दहा हजारांचा. इंटरफेसचाही दहा हजार धरला तर प्रीअँपला सुमारे एक लाख पाच हजारांचा भार दिसतो आणि सिग्नल एकवीस पटींनी कमी होतो. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास हे दोन रोध चिल्लरीत मिळतील. यात आणखी एक फायदा आहे. व्हॉल्व्हचा प्रीअँप सुरू होताना आउटपुट कपॅसिटर भारित होतो आणि मोठा धक्का बाहेर फेकतो. तो थेट इंटरफेसवर गेला तर इंटरफेस बदलावाही लागू शकतो. तोटा असा, की सिग्नल एवढा घटल्यावर इंटरफेसचा स्वतःचा नॉइज डोके वर काढतो. ज्यांना जमेल त्यांनी एफईटी इनपुटच्या ऑप-अँपचा बफर करावा. इंटरफेसवर गिटारसाठी असलेल्या सुमारे दहा लाख ओहमच्या इनपुटचा मोह होतो. वापरा, पण त्याचा पासंग वेगळा काढा.

सुरक्षिततेचे बोलणे मी उरकून टाकत नाही. पासच्या आत तीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असतो. प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये राहतो, म्हणून हात घालण्याआधी कपॅसिटर रोधातून रिकामा करून मीटरने खात्री करा. यंत्र अमेरिकन असेल तर २३० व्होल्टवर थेट लावू नका, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. व्हेरिअॅकने हळूहळू व्होल्टेज वाढवण्याचा सल्ला सगळे देतात. पण रेक्टिफायर व्हॉल्व्ह असेल तर त्याचा फिलामेंट तापेपर्यंत पुढे काही जातच नाही, त्यामुळे जुन्या कपॅसिटरला त्या हळूवारपणाचा वाटतो तेवढा उपयोग होत नाही.

सॉफ्टवेअर टीएचडीच्या शेजारी टीएचडी अधिक नॉइज असाही आकडा देते, आणि जुन्या यंत्रात या दोघांतले अंतर फार मोठे असते. एक व्होल्टच्या स्वराबरोबर एक मिलिव्होल्टचा हम आला, की डिस्टॉर्शन शून्य असले तरी दुसरा आकडा ०.१ टक्का दाखवतो. तोच स्वर दोन व्होल्टचा केला की आकडा निम्मा होतो, आणि यंत्र सुधारले असे वाटते. डिस्टॉर्शनचे वागणे याच्या उलट. पातळी दुप्पट केली की दुसऱ्या हार्मोनिकची टक्केवारी साधारण दुप्पट होते, तिसऱ्याची चौपट. म्हणून एका पातळीवरचा एक आकडा बिनकामाचा. पातळी पायरीपायरीने वाढवत न्या. आलेख आधी उतरेल, तो नॉइजचा भाग. मग तळ गाठून चढेल, ते डिस्टॉर्शन.

नुसत्या आकड्यापेक्षा एफएफटीचा, म्हणजे कोणत्या फ्रीक्वेन्सीला किती पातळी ते दाखवणारा, आलेख पाहावा तो यासाठीच. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतरची रिपल १०० ची. मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर हर्ट्झवर छोटे सुळके दिसले, तर पॉवर सप्लायचा फिल्टर कपॅसिटर थकला आहे असा संशय घ्या. इथे सगळे जण गोल म्हणून १००० हर्ट्झ निवडतात आणि फसतात. १००० हा ५० च्या पाढ्यात आहे, २००० आणि ३०००ही आहेत. विजेची खरखर नेमकी हार्मोनिकच्या जागी बसते. स्वर १०२० चा घ्या, निदान दुसऱ्या-तिसऱ्या हार्मोनिकपासून ती वेगळी दिसेल. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, म्हणजे ग्राउंड लूपचा निम्मा त्रास तिथेच संपतो.

आता टीएचडीच्या हिशेबाविषयी माझी तक्रार. दुसरा हार्मोनिक ०.१ टक्का आणि सातवा ०.०१ टक्का असेल तर एकूण येते ०.१००५. सातवा बेरजेत बुडाला! कानाला तो बुडत नाही, कारण तो मूळ स्वरापासून दूर आहे आणि त्याला झाकायला जवळ काही नाही. बीबीसीचे शॉर्टर यांनी १९५० मध्येच सुचवले होते, की प्रत्येक हार्मोनिकला त्याच्या क्रमांकाच्या वर्गाचा चौथा हिस्सा एवढे वजन द्यावे. त्या हिशेबाने दुसऱ्याचे वजन १, सातव्याचे १२.२५. म्हणजे वरच्या उदाहरणात सातवा दुसऱ्याला मागे टाकतो. ही सूचना बाजाराने मनावर घेतली नाही. जाहिरातीला एकच लहान आकडा सोयीचा असतो. व्हॉल्व्हवाले आणि ट्रान्झिस्टरवाले यांच्यातली निम्मी भांडणे या एका आकड्यावर पोसली गेली आहेत.

फोनो इनपुट हा तर वेगळ्याच स्वभावाचा. रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज आणि चढवलेले वरचे स्वर पूर्ववत करणाऱ्या आरआयएए वळणामुळे तिथे २० हर्ट्झला १००० च्या मानाने जवळजवळ नऊपट वाढ मिळते आणि २०,००० ला तेवढीच घट. १००० चा स्वर दिला तर त्याचा दुसरा हार्मोनिक, इक्वलायझेशनच्या आधी जन्मला असेल तर, आपोआप अडीच डेसिबलने दबतो आणि तिसरा पावणेपाचने. म्हणजे इथला आकडा मुळातच सौम्य. उलट ५० हर्ट्झचा हम सुमारे सतरा डेसिबलने वर येतो. सिग्नलही पाच मिलिव्होल्टचा हवा, म्हणून इंटरफेसच्या आउटपुटवर वीस हजार आणि शंभर ओहमची जोडी लावून तो दोनशेपट खाली आणा, आणि हे दोन रोध प्रीअँपच्या सॉकेटला खेटून ठेवा.

इतक्या अटींनंतर कोणी विचारेल, मग घरी मोजायचेच कशाला? स्टीरिओ प्रीअँपमध्ये एकच सर्किट दोनदा असते, म्हणून. इंटरफेस, वायर, भार, वीज सगळे तेच ठेवून आधी डावी बाजू मोजा, मग उजवी. दोन्हीकडे चुका सारख्याच असल्याने आकड्यांतला फरक बऱ्याच अंशी यंत्राचाच. यंत्र अर्धा तास तापू द्या, नाहीतर पहिली बाजू थंड असतानाच मोजली जाते. डावीकडे तिसरा हार्मोनिक उजवीहून बराच वर दिसला, तर बंद करून, थंड करून दोन्हीकडचे व्हॉल्व्ह अदलाबदल करा आणि पुन्हा मोजा. दोष व्हॉल्व्हबरोबर उजवीकडे गेला तर नवा व्हॉल्व्ह आणा. डावीकडेच राहिला तर प्लेटचा रोध आणि कपलिंग कपॅसिटर तपासा. जुने कार्बन रोध वयानुसार चढलेले असतात आणि गळका कपॅसिटर पुढच्या व्हॉल्व्हचा बायस बिघडवतो. भाग बदलायचा तर एका वेळी एकच, आणि प्रत्येक वेळी वहीत पातळी, फ्रीक्वेन्सी, भार आणि तारीख.