न्यायासनाचे अभय आणि बंदिवानाची फिर्याद

(पुण्यात कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या चळवळीला तुरुंग नवा नाही. येरवड्याच्या भिंती कित्येकांनी आतून पाहिल्या आहेत. पोलिसाला आपण दोष देतो, मंत्र्याला जाब विचारतो. परंतु ज्याच्या सहीने कोठडी वाढते तो मॅजिस्ट्रेट आपल्या टीकेतून बहुधा सुटतो. कायद्याने तर तो सुटलेलाच असतो.

पुण्यात जन्मलेले मधु लिमये यांना खासदार असताना ६ नोव्हेंबर १९६८ रोजी बिहारात लखीसराय स्थानकावर सहकाऱ्यांसह अटक झाली. अटकेची कारणे सांगितलेली नाहीत, असे पत्र त्यांनी त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयास धाडले. तेच पत्र अर्ज ठरले. रिमांडचे हुकूम ठरावीक साच्याचे आहेत, मॅजिस्ट्रेटने विचार केल्याचे त्यांत दिसत नाही आणि अशा हुकमांनी मूळ अटकेतला दोष धुतला जात नाही, असे सांगून न्यायालयाने त्यांची मुक्तता केली. उत्तमच झाले. पण विचार न करता सह्या करणाऱ्या त्या मॅजिस्ट्रेटवर लिमये यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला असता, तर काय झाले असते?

त्यांच्या आड १८५० चा कायदा आला असता. कंपनी सरकारचा हा कायदा म्हणतो की, न्यायदानाचे काम करताना केलेल्या कृत्याबद्दल न्यायाधीशावर दिवाणी दावा चालणार नाही. कृत्य अधिकारकक्षेबाहेरचे असले तरीही, अधिकार आहे असे त्याला सद्भावनेने वाटले असले म्हणजे पुरे. फट अगदी अरुंद आहे. आसाममधील एका मॅजिस्ट्रेटला १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण नाकारले, पण ते अटकेचा हुकूम देताना तो न्यायाधीश म्हणून नव्हे, तर कार्यकारी अधिकारी म्हणून वागला होता म्हणून! पुढे १९८५ साली संसदेने आणखी एक संरक्षण कायदा केला. त्यात तर सद्भावनेची अटही घातलेली नाही.

हे अभय सरसकट काढून टाकावे, असे मात्र मी म्हणणार नाही. दाव्यांची भीती घातली तर पहिला बळी गरिबाला जामीन देणाऱ्या न्यायाधीशाचाच जाईल. दावे चालवायला पैसा लागतो आणि तो कोणाकडे असतो हे आपण जाणतोच. माझी तक्रार वेगळी आहे. बंदिप्रत्यक्षीकरणाचा हक्क आणीबाणीतही शाबूत आहे, असे मत एप्रिल १९७६ मध्ये न्या. हंसराज खन्ना यांनी एकट्याने दिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश केले गेले. त्या वेळी हा संरक्षण कायदा त्यांच्या काय कामी आला? तो न्यायाधीशाला कैद्यापासून वाचवतो, सरकारपासून नाही.

मग कैद्याचे नुकसान कोणी भरायचे? शासनाने. १९६८ साली निर्दोष सुटूनही बिहारच्या तुरुंगात १९८२ पर्यंत खितपत पडलेल्या रुदल शहाला सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये राज्याकडून पस्तीस हजार रुपये देवविले. चौदा वर्षांचे पस्तीस हजार! काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना समोर हजर न करताच कोठडी दिली गेली. १९८५ मध्ये त्यांना पन्नास हजार मिळाले. सह्या करणाऱ्यांच्या बेफिकिरीवर न्यायालयाने कडक ताशेरे ओढले, पैसे मात्र राज्याने भरले. ही वाट बरोबर आहे. पण ती न्यायालयाच्या मर्जीवर चालते. चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांना भरपाईचा हक्क कायद्यानेच द्यावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ मध्ये केली. त्यानंतर २०२४ पासून फौजदारी कायदे बदलून लागू झाले, तरी हा हक्क त्यांत आला नाही.

तोवर हाती एक काम आहे. संविधानाच्या २३५ व्या कलमाने खालच्या न्यायालयांवर उच्च न्यायालयाचे नियंत्रण आहे, आणि १९८५ च्या कायद्यानेही उच्च न्यायालयाचा कारवाईचा अधिकार शाबूत ठेवला आहे. शिवाजीनगरच्या न्यायालयात रिमांडच्या वेळी आपला माणूस हजर असावा. आरोपीला समोर आणले का, कारणे सांगितली का, वकील होता का, हे त्याने तारखेनिशी टिपून ठेवावे आणि गैर आढळेल ते मुंबईस लेखी कळवावे.