रुग्णालयातले स्वच्छ हात
रुग्णालयात जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पोचतात ते बहुधा कर्मचाऱ्यांच्या हातांवरून. पण हात धुवायला पाणी नेहमी असतंच असं नाही: 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईला पाणी पुरवणारे पूंडी, चोलवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ आटले, शहर टँकरवर आलं. अशा टंचाईत रुग्णालयात हात धुणं हा जीवनमरणाचा प्रश्न होतो. त्यावर पाण्याशिवायचा उपाय आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार 80 टक्के इथेनॉल, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि ग्लिसरीन यांचा जंतुनाशक द्रव रुग्णालयातच, कमी खर्चात बनवता येतो. तो खाटेशेजारीच हवा, दूरच्या बेसिनपाशी नव्हे. हा द्रव घेऊन तळहात, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखांची टोकं 20 ते 30 सेकंद चोळावीत. हात मळलेले दिसत असतील, तर मात्र साबण-पाणीच हवं. त्याला 40 ते 60 सेकंद लागतात.