पत्ता उजवीकडून वाचा
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत मांडलेला विषय)

आज बचतीचं नाही, पत्त्याचं बोलूया.

आपलं पत्र येतं तेव्हा पोस्टात आधी पिनकोड बघतात. ४१६६०६ म्हणजे मालवण. मग गाव, मग वाडी, नाव सगळ्यात शेवटी. इंटरनेटचा पत्ताही असाच उलटा, उजवीकडून वाचायचा.

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. ते आकडे आपल्या लक्षात कुठे राहणार? आपण मोबाईलमध्ये ‘वहिनी’ या नावावर बोट ठेवतो आणि नंबर फोनच लावतो. तसंच नाव टाकलं की त्यामागचा आकडा शोधून देणारे वेगळे संगणक असतात. १९८३ साली ही पद्धत निघाली. आणि असं नाव वर्षाचे पैसे भरून कोणीही घेऊ शकतं, लबाड माणूससुद्धा.

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीणची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा हेच झालं. हुबेहूब खोट्या वेबसाइट निघाल्या. गुगलवर शोधलं, वर दिसलं ते उघडलं, आधार नंबर टाकला, की गेलीच माहिती चोराच्या हातात.

खरा पत्ता आहे ‘लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’. उजवीकडून वाचा. ‘इन’ म्हणजे भारत. ‘जीओव्ही’ म्हणजे सरकार, ही जागा खाजगी माणसाला मिळतच नाही. मग आपलं राज्य. योजनेचं नाव शेवटी.

आता समजा पत्ता आला ‘लाडकीबहीण डॉट महाराष्ट्र डॉट केवायसीफॉर्म डॉट इन’. वाचायला किती खरा वाटतो! पण ‘इन’च्या शेजारी कोण बसलाय? केवायसीफॉर्म. घर त्याचं. डावीकडे तो काय वाट्टेल ते लिहील, उद्या कोणी आपल्या पडवीवर ‘तहसील कार्यालय’ अशी पाटी लावली तर ते तहसील होतं काय?

पत्ता लांबलचक असेल तर सुरुवातीच्या दोन जोडरेघा सोडा. त्यानंतर पहिली तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून मागे वाचा. रेघेच्या पुढचं सोडून द्या, तिथे ‘जीओव्ही’ लिहिलेलं असलं तरी. आणि कुलूपाच्या चित्राला भुलू नका. ते खोट्या वेबसाइटलाही मिळतं.

गटाचं खातं ज्या बँकेत आहे तिचंही असंच बघा. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं होतं. ही जागा फक्त बँकांसाठी आहे. स्टेट बँकेचा पत्ता आता ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ असा आहे. मला विचाराल तर हे फार आधी व्हायला हवं होतं.

आणि कोणी ओटीपी देऊन बसलीच असेल, पैसे गेले असतील, तर घरचे बोलतील म्हणून गप्प राहू नका. आपल्याकडे बायका हेच करतात. लगेच १९३० ला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ते अडवता येतात. जमत नसेल तर सीआरपी ताईंना उठवा, रात्री असली तरी.