आधी ओल, मग ऊब

उमरग्यात कसली आलीय थंडी, असं सोलापूर-हैदराबाद रस्त्यानं जाणारा कुणीही विचारील. पण भाद्रपदात चार दिवस झड लागली की आमच्याकडची सिमेंटची घरं आतून गार पडतात. बाहेर फार गारठा नसतो, तरी अंथरुणात शिरताना अंगावर काटा येतो. कपडे वाळत नाहीत, भिंतीला हात लावला की गार. ही थंडी हवेपेक्षा ओलीची असते.

जुन्या माळवदी घरांच्या जाड मातीला हवेतली ओल पोटात घेण्याची आणि ऊन पडलं की सोडून देण्याची खोड होती. पण त्या घरांचे गोडवे मी गाणार नाही. दगडमातीच्या त्याच जड भिंती आणि माळवदं 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात हजारो माणसांवर कोसळली. सिमेंटचं घर बरं. फक्त त्याची ओल आपल्यालाच काढावी लागते.

लंडनजवळ राहणारी माझी भाची हिवाळ्यात यासाठी डीह्युमिडिफायर लावते. "मामा, हीटर कमी लावला तरी चालतं," असं ती म्हणाली तेव्हा मी हसलो नाही, कारण त्यात तथ्य आहे. हे यंत्र म्हणजे लहानसा फ्रीजच. त्यातल्या गार नळीवर हवेतल्या वाफेचं पाणी होऊन भांड्यात साचतं, आणि तीच हवा गरम नळीवरून खोलीत परत येते. एक लिटर वाफेचं पाणी होताना सुमारे 0.68 युनिट उष्णता सुटते. यंत्रानं खाल्लेली वीजही शेवटी खोलीतच ऊब होऊन राहते. एका युनिटात दीड लिटर पाणी निघालं, तर खोलीत दोन युनिटांची ऊब पडते.

आता यात जादू नाही. दोरीवरचे ओले कपडे वाळताना खोलीतलीच उष्णता घेतात. खिडकी उघडली की ती वाफेबरोबर बाहेर जाते. यंत्र ती घरात ठेवतं, एवढंच. शिवाय गादी-पांघरूण कोरडं राहतं, आणि माणसाला खरी ऊब तिथंच कळते. एसी मात्र ओल काढतो तशी घरातली उष्णताही बाहेर फेकतो.

म्हणून उद्याच यंत्र आणायला धावू नका. उमरग्याच्या हिवाळ्यात हवा मुळातच कोरडी; दुपारी खिडक्या उघडल्या, गाद्या उन्हात टाकल्या की फुकटात काम होतं. फार गार खोलीत या यंत्राच्या नळीवर बर्फ धरतो. छत गळत असेल तर यंत्र नको, गवंडी बोलवा. कोकणात किंवा महाबळेश्वरी पावसाळ्यात, आठवडाभर ऊनच नसतं तिथं, ते उपयोगी पडेल.

एक मात्र कळकळीनं सांगतो. खोली उबदार करायला गॅस पेटवून ठेवू नका. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळतं, म्हणजे ओल वाढतेच. आणि बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून कोळशाची शेगडी तर मुळीच नको. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. शेक द्यायचाच असेल, तर कापड बाहेर तापवून आत आणा.