तारेची जाडी आणि विजेची किंमत : कृषिपंपाच्या केबलचे अर्थशास्त्र

(स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ग्रामीण विद्युतीकरणाचा अभ्यास करताना निर्मितीक्षमता, वितरण हानी आणि अनुदान यांचे आकडे विद्यार्थी कटाक्षाने लक्षात ठेवतात. वीजजोडणीपासून विहिरीतील मोटरपर्यंतच्या शेवटच्या टप्प्याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. या टप्प्यातील केबल शेतकरी स्वतःच्या पैशाने विकत घेतो. ती किती जाडीची घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता वायरमनचा वाटतो. वस्तुतः तो गुंतवणुकीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर विजेच्या दरधोरणाशी निगडित आहे.

तीन कसोट्या

केबलची निवड तीन कसोट्यांवर तपासावी लागते. पहिली कसोटी वहनक्षमतेची : मोटरचा पूर्ण प्रवाह वाहून नेताना तार मर्यादेपलीकडे तापता कामा नये. दुसरी विद्युतदाबाची : तारेच्या रोधामुळे दाब थोडा घटतो, सबमर्सिबल पंपांसाठी ही घट साधारणतः ३ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा प्रघात आहे. तिसरी कसोटी खर्चाची : तारेत उष्णतेच्या रूपाने वाया जाणाऱ्या विजेची किंमत आणि जादा तांब्याची किंमत यांची तुलना.

५ अश्वशक्तीच्या त्रिकला (थ्री फेज) मोटरचे उदाहरण घेऊ. ४१५ व्होल्ट दाबावर, कार्यक्षमता व शक्तिगुणक प्रत्येकी ०.८ धरल्यास, तिचा प्रवाह सुमारे ८ अँपियर येतो. केबलची लांबी २०० मीटर असून तार तांब्याची आहे. बाजारात २.५, ४ आणि ६ चौरस मिलिमीटर असे पर्याय मिळतात. ८ अँपियरसाठी २.५ची तारही पुरेशी आहे. म्हणजे पहिल्या कसोटीत तिन्ही तारा उत्तीर्ण होतात. अनेक ठिकाणी विचार येथेच थांबतो.

चालू स्थितीत तापलेल्या तांब्याचा रोध विचारात घेतल्यास २.५च्या तारेत दाबाची घट सुमारे १८ व्होल्ट, म्हणजे ४.३ टक्के येते. ४च्या तारेत ती ११ व्होल्ट (२.७ टक्के) आणि ६च्या तारेत ७.४ व्होल्ट (१.८ टक्के) आहे. दुसऱ्या कसोटीत २.५ची तार नापास होते. उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी शक्ती अनुक्रमे ३०७, १९२ आणि १२८ वॅट आहे. वर्षाला १,५०० तास पंप चालतो असे धरल्यास ही हानी अनुक्रमे ४६०, २८८ आणि १९२ युनिट होते.

सीमांत लाभाचा हिशेब

येथे अर्थशास्त्राचा परिचित नियम दिसतो. २.५ऐवजी ४ची तार घेतल्यास सुमारे ८ किलो तांबे जास्त लागते आणि वर्षाला १७२ युनिट वाचतात. ४ऐवजी ६ची घेतल्यास आणखी सुमारे ११ किलो तांबे लागते. वाचतात मात्र केवळ ९६ युनिट. तांबे वाढत जाते तसा सीमांत लाभ घटत जातो.

तांब्याचा दर किलोला ९०० रुपये, व्याज व घसारा मिळून वार्षिक १२ टक्के आणि विजेचा पुरवठाखर्च युनिटला ७ रुपये, अशी गृहीते मांडू. पहिल्या बदलाचा वार्षिक भार सुमारे ८६५ रुपये आणि बचत १,२०० रुपये. तो किफायतशीर ठरतो. दुसऱ्याचा भार सुमारे १,१६५ रुपये आणि बचत ६७० रुपये. तो परवडत नाही. म्हणून योग्य तार ४ चौरस मिलिमीटरची. हे तत्त्व विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन या नावाने ओळखल्या गेलेल्या शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये मांडले.

दरधोरणाचा परिणाम

आता एकच गृहीत बदलू. शेतकऱ्याला विजेचे बिल युनिटवर न येता अश्वशक्तीवर येते, किंवा वीज मोफत मिळते. तामिळनाडू व पंजाबमध्ये शेतीला मोफत विजेचे धोरण दीर्घकाळ राबवले गेले. महाराष्ट्रात २०२४ मध्ये ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांसाठी तशी योजना जाहीर झाली. अशा व्यवस्थेत वाचलेल्या १७२ युनिटांचे शेतकऱ्याच्या लेखी मूल्य शून्य होते. ८ किलो तांब्याचा खर्च मात्र त्याचाच राहतो. तो बारीक तार निवडतो आणि त्याच्या दृष्टीने ते तर्कसंगतच असते. वाया गेलेल्या विजेचा भार अनुदानाद्वारे शासनावर आणि जादा दरांद्वारे इतर ग्राहकांवर पडतो. ही हानी वितरण हानीत दिसतही नाही; ती शेतीचा वीजवापर म्हणून नोंदली जाते.

तथापि शेतकरी यातून पूर्णतः सुटत नाही. वाहिनीच्या टोकाला दाब आधीच ३७० व्होल्टपर्यंत उतरला असेल, तर बारीक तारेमुळे मोटरला सुमारे ३५२ व्होल्टच मिळतात. मोटरचा आघूर्ण (फिरवण्याचा जोर) दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून तो नियत दाबावरील जोराच्या सुमारे ७२ टक्क्यांवर येतो. तेवढेच पाणी उपसण्यासाठी मोटर अधिक प्रवाह ओढते, तापते आणि अखेरीस वाइंडिंग जळते. ऐन हंगामात मोटर बाहेर काढून दुरुस्त होईपर्यंत पिकाची पाळी चुकते. शिवाय वाढलेल्या प्रवाहाचा ताण सामाईक रोहित्रावर पडून शेजाऱ्याचाही दाब घटतो. अर्थशास्त्रात यालाच नकारात्मक बाह्य परिणाम म्हणतात.

उपायांची दिशा

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५५ ने मीटरद्वारेच वीजपुरवठा करण्याचे बंधन घातले. शेतीच्या क्षेत्रात ते पूर्णतः अमलात आले नाही. गुजरातने २००३ पासून ज्योतिग्राम योजनेत कृषिवाहिन्या वेगळ्या केल्या आणि २०१४ च्या दीनदयाळ उपाध्याय ग्राम ज्योती योजनेनेही हे सूत्र स्वीकारले. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन पंपाची कार्यक्षमता सांगते, त्याला जोडलेल्या केबलची नाही. तेव्हा पंपासाठी अनुदान देताना योग्य जाडीच्या केबलची अट घालणे हा अल्प खर्चाचा उपाय ठरू शकतो.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतील स्वतंत्र सौरपंप या दृष्टीने उद्बोधक आहेत. तेथे पटलांतून मिळणारी शक्ती मर्यादित असते. तारेत वाया गेलेला प्रत्येक वॅट म्हणजे शेतात न पोहोचलेले पाणी. वीज विनामूल्य असूनही हानीची किंमत शेतकऱ्याला त्याच दिवशी दिसते.

तात्पर्य, साधनाची किंमत ज्याला मोजावी लागते, तोच ते जपून वापरतो. शेतकऱ्याला आधार देणे आवश्यकच आहे. प्रश्न तो कोणत्या स्वरूपात द्यावा एवढाच आहे. युनिटमागे मिळणारी सवलत आणि जाड तारेसाठी एकदाच दिलेले साहाय्य यांतील फरक ज्याला सांगता येईल, त्याला ऊर्जा-अनुदानावरील प्रश्नाचे उत्तर देणे अवघड जाणार नाही.