पावलं कोण सांभाळतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कवी गेला तरी त्याची वही मागे राहते. चित्रकाराचं चित्र भिंतीवर राहतं. पण नाच बसवणाऱ्या माणसाचं काय राहतं? हा प्रश्न मला आमच्या बाईंमुळे पडला. शाळेत त्यांनी आम्हाला नाच शिकवला. त्या गेल्यावर आम्ही तिघी मैत्रिणी जमलो आणि त्यांनी बसवलेलं एक कोळीनृत्य पुन्हा करायचं ठरवलं. पहिलं कडवं छान जमलं. दुसऱ्या कडव्याला मात्र तिघींची पावलं तीन दिशांना गेली! प्रत्येकीला वाटत होतं, आपलंच बरोबर. आणि विचारायला बाई नव्हत्या.

त्याच सुमारास भाच्यानं मला एक डीव्हीडी आणून दिली. ‘फॉसी’ तिचं नाव. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचे प्रख्यात नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसी यांना वाहिलेला हा रंगमंचीय कार्यक्रम. १४ जानेवारी १९९९ रोजी तो ब्रॉडवेवर सुरू झाला. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट संगीतिकेचा टोनी पुरस्कार त्यालाच मिळाला, आणि ऑगस्ट २००१ पर्यंत त्याचे हजारांहून अधिक प्रयोग झाले. त्याचं चित्रीकरण २००२ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणीवर दाखवलं गेलं.

फॉसी यांचा जन्म १९२७ चा, शिकागोचा. शाळकरी वयातच ते तिथल्या बर्लेस्क क्लबांमध्ये नाचत. रात्रीच्या धंद्याची ती दुनिया. मुलानं पाहू नये ते सगळं त्यांनी तिथे पाहिलं, आणि पुढे त्यांच्या नाचांमधून ते डोकावत राहिलं. अंगयष्टीही शास्त्रशुद्ध नर्तकाची नव्हती. बॅलेत पाय बाहेर वळायला हवेत, यांचे आत वळायचे. खांदे पुढे झुकलेले. केस लवकर विरळ झाले, म्हणून डोक्यावर टोपी आली. गंमत अशी, की या माणसानं आपली उणीव लपवली नाही, तिचीच शैली केली. आत वळलेले गुडघे, वाकलेले खांदे, तिरकी टोपी, हातमोजे, एकाच बोटाची हालचाल! ‘हे फॉसीचं’ असं लोक लांबूनच ओळखू लागले. १९७३ साली तर ‘कॅबरे’ चित्रपटासाठी ऑस्कर, ‘पिपिन’ नाटकासाठी टोनी आणि ‘लायझा विथ अ झी’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी एमी, असे तिन्ही मान त्यांना एकाच वर्षात मिळाले. ऑस्करच्या दिग्दर्शकांच्या शर्यतीत समोर ‘गॉडफादर’चे कपोला होते, हे लक्षात घ्या.

२३ सप्टेंबर १९८७ ला ते गेले. वॉशिंग्टनमध्ये त्यांचं ‘स्वीट चॅरिटी’ हे नाटक पुन्हा रंगमंचावर येत होतं आणि त्याच संध्याकाळी ते रस्त्यात कोसळले. सोबत ग्वेन व्हर्डन होत्या. याच नाटकात १९६६ साली नायिका झालेल्या ग्वेन या त्यांच्या पत्नी. दोघं कित्येक वर्षं वेगळी राहत होती, पण घटस्फोट झाला नव्हता आणि कामातली सोबतही सुटली नव्हती.

आता ‘फॉसी’ कार्यक्रम कुणी उभा केला ते पाहा. कल्पनेत आणि दिग्दर्शनात वाटा होता ॲन रेंकिंग यांचा. सत्तरच्या दशकात त्या फॉसींच्या नाटकांत नाचल्या, आणि काही वर्षं त्यांच्या सहचारिणीही होत्या. कलाविषयक सल्लागार होत्या स्वतः ग्वेन, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या. एका पुरुषाच्या आयुष्यातल्या या दोन बायका. आपल्याकडे अशांच्या गोष्टी सहसा भांडणाच्याच सांगतात. इथे दोघींनी मिळून त्याची पावलं सांभाळली. मान किती कलायची, टोपी कोणत्या बोटांनी धरायची, हे कागदावर पुरतं उतरत नाही. ते ज्यांच्या अंगात उतरलंय, त्यांच्याकडूनच पुढच्या अंगात जातं. आपल्याकडची गुरुशिष्य परंपरा याहून काय वेगळी आहे?

ग्वेन ऑक्टोबर २००० मध्ये गेल्या. चित्रीकरण पाहताना ते सारखं मनात येतं. त्यात ॲन रेंकिंग स्वतः नाचतात, आणि १९७२ च्या ‘पिपिन’मधले बेन व्हेरीनही आहेत. त्यांच्याभोवतीची तरुण मुलंमुली अशी, की त्यांतल्या बहुतेकांनी फॉसींना कधी पाहिलंही नसेल.

कॅमेऱ्यानं काय दिलं? एक तर जवळून पाहणं. ‘स्वीट चॅरिटी’तल्या ‘बिग स्पेंडर’ या नाचात पैसे घेऊन गिऱ्हाइकांबरोबर नाचणाऱ्या मुली एका आडव्या दांड्याला रेलून उभ्या असतात. अंग सैल, नजर थकलेली. जवळजवळ काही हलतच नाही. एखादं मनगट, एखादा गुडघा. नाट्यगृहात मागच्या रांगेत बसून ते थकलेपण दिसलं असतं का, मला शंका आहे. पण कॅमेरा चेहऱ्यावर गेला की बाकीची रांग नजरेआड होते. काय पाहायचं हे आपण ठरवत नाही, दुसराच कुणीतरी ठरवतो.

दुसरी उणीव मला जास्त लागली. या कार्यक्रमाला कथा नाही. नाचामागून नाच येतात. ‘पिपिन’मध्ये एक तिघांचा नाच आहे. टोपी, काठी, ओठांवर हसू. मूळ नाटकात तो चालू असताना मागे युद्धातली कत्तल चाललेली असते. ते हसू म्हणजे एक थप्पड आहे. कथा काढून घेतली, की उरतो एक झकास नाच. पावलं अगदी तीच, पण थप्पड हरवली. नव्या प्रेक्षकाला ती कुणीतरी सांगावीच लागते.

तरीही मी म्हणेन, हे चित्रीकरण झालं हे फार बरं झालं. ॲन रेंकिंगही डिसेंबर २०२० मध्ये गेल्या. आता शंका आली तर विचारायला त्याही नाहीत. आकार तबकडीत आहे, आणि ज्यांना त्यांनी शिकवलं त्यांच्या अंगात अर्थासकट आहे. दोन्ही हवं. नुसतं चित्रीकरण पाहून केलेला नाच मी शाळांच्या स्नेहसंमेलनांत पुष्कळ पाहिलाय. हात बरोबर असतात, पण का उचलले ते मुलांना ठाऊक नसतं.

आमच्या कोळीनृत्याचं काय झालं म्हणाल? बाईंची एक जुनी विद्यार्थिनी नाशिकला असते, असा पत्ता लागलाय. आमच्याहून बारा वर्षांनी मोठी. फोनवर तिला दुसरं कडवं विचारलं, तर म्हणाली, “तोंडी कसं सांगू गं? या इकडे, करून दाखवते.” पुढच्या रविवारी आम्ही तिघी जातोय. मोबाइल नेणार आहोत, पण तो बाहेर काढायचा तो आधी नाच शिकून झाल्यावरच, असं ठरलंय.